शिवाजीनगरला उतरायचं की पुणे स्टेशनला? तळेगाव ते नळ स्टॉप या प्रवासाचं प्रकरण

तळेगाव दाभाड्याहून नळ स्टॉपला आठवड्यातले तीन दिवस जायचं, दुपारी साडेबाराच्या आत पोचायचं आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला परत निघायचं. प्रवास करणार माझी मावशी. वय सदुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि डावा कुरकुरणारा. जिना चढायला तिला फारसा त्रास होत नाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला कठडा लागतो. नळ स्टॉपजवळ तिची लेक, म्हणजे माझी मावसबहीण राहते. ताईच्या मुलाची शाळा साडेबाराला सुटते. त्याला घरी आणून संध्याकाळपर्यंत सांभाळायला दुसरं कोणी नाही.

कॅबचा विचार पहिल्याच आठवड्यात मागे पडला, खर्च झेपण्यासारखा नव्हता. मावसोबांची गाडी आहे, पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पिंपरी, दापोडी ओलांडून कर्वे रस्त्यापर्यंत ती चालवायची आणि पुन्हा पार्किंग शोधायचं, हे त्यांच्या वयाला नको. उरली लोकल आणि मेट्रो. लोकलचं तिकीट दहा-पंधरा रुपयांच्या पुढे जात नाही, मेट्रो नळ स्टॉपला थेट थांबते. कागदावर प्रश्न सुटलेला होता.

हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहिते आहे, कारण लोणावळा मार्गावरून पुण्यात येणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा असतो आणि त्याचं उत्तर बहुतेकांना शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं. शेजाऱ्याचे गुडघे चांगले असतात, त्याला जायचं असतं स्वारगेटला, आणि त्याची गाडी सकाळी आठची असते. "रेल्वे आणि मेट्रो जोडलेली आहे" हे नकाशापुरतं खरं. माणसाला ते जिने, पूल, लिफ्ट आणि गर्दीच्या हिशोबात पटावं लागतं.

रूळ कसे पडलेत

पुण्याची रेल्वे जुनी. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, आजची पुणे स्टेशनची इमारत १९२५ची. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६मध्ये झालं आणि पहिले दोन तुकडे ६ मार्च २०२२ला धावले: पिंपरी-चिंचवड मनपा ते फुगेवाडी आणि वनाज ते गरवारे कॉलेज. १ ऑगस्ट २०२३ला दोन्ही मार्गिका पुढे सरकून सिव्हिल कोर्टाशी एकत्र आल्या. त्याच दिवशी शिवाजीनगर आणि पुणे रेल्वे स्टेशन ही दोन्ही मेट्रो स्थानकं लोकांना मिळाली. सप्टेंबर २०२४मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पाही सुरू झाला.

तळेगावकराच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पर्पल लाइन, म्हणजे पिंपरी-चिंचवड मनपा ते स्वारगेट ही मेट्रोची मार्गिका, पिंपरीपासून शिवाजीनगरपर्यंत रेल्वेच्या जवळजवळ सोबतीनंच येते. पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर या नावांची जोडी दोन्हीकडे दिसते. अक्वा लाइन मात्र वनाज ते रामवाडी अशी आडवी जाते आणि रेल्वेला एकाच ठिकाणी भेटते, पुणे स्टेशनला. नळ स्टॉप अक्वावर आहे. म्हणजे मावशीला एकतर पुणे स्टेशनपर्यंत लोकलनं जाऊन सरळ अक्वा पकडायची, नाहीतर आधी कुठेतरी पर्पल पकडून सिव्हिल कोर्टात गाडी बदलायची.

पिंपरीचा पर्याय लवकर बाद झाला. पिंपरी रेल्वे स्थानकातून पर्पल लाइनच्या पहिल्या स्थानकापर्यंत बऱ्यापैकी चालावं लागतं, मेट्रोचं भाडं वाढतं आणि एवढं करून सिव्हिल कोर्टातली बदली चुकत नाहीच. सुरुवातीच्या स्थानकावर बसायला जागा मिळते हा त्याचा एकमेव फायदा. पण मावशीला तळेगावला सकाळी उशिराच्या लोकलमध्ये जागा मिळतेच, मग ती सोडून मध्येच का उठायचं? दापोडी आणि खडकीबद्दलही हाच मुद्दा. गाडीत बसलेल्या माणसानं शक्य तितकं बसून राहावं, असं माझं मत आहे.

खरी निवड उरली ती दोघांत. एकीकडे सहा फलाटांचं, देशभरच्या गाड्यांचं पुणे जंक्शन, दुसरीकडे त्याच्या आधीचं, जेमतेम तीन किलोमीटरवरचं, आटोपशीर शिवाजीनगर.

शेजाऱ्याचा सल्ला आणि त्याचं काय झालं

तळेगावातल्या शेजारच्या काकांनी ठामपणे सांगितलं होतं, "वहिनी, पुणे स्टेशनला उतरा. बदली नाही, भानगड नाही. एक गाडी सोडली, दुसरीत बसलात." ऐकायला बिनतोड. नकाशावर बोट फिरवलं तरी तेच दिसतं.

आम्ही दोघी गेलो तेव्हा कळलं की यात दोन गोष्टी धरलेल्याच नाहीत. पहिली, शिवाजीनगर सोडल्यावर लोकल पुणे स्टेशनात कधी शिरेल याची खात्री नाही. जंक्शनवर फलाट मोकळा नसेल तर सिग्नलला गाडी उभी राहते. कधी लगेच सुटते, कधी डब्यातले लोक उभे राहून, पिशव्या खांद्याला लावून दारापाशी ताटकळतात. साडेबाराला शाळेच्या फाटकाशी पोचायचं असेल तर ही अनिश्चिती फार महाग पडते. दुसरी गोष्ट पुलाची. पुणे स्टेशनची मेट्रो दर्शनी इमारतीच्या समोर नाही. ती मागच्या बाजूला, राजा बहादूर मिल रस्त्याकडे आहे. लोकल कुठल्या फलाटावर लागते त्यावर पूल किती ओलांडायचा हे ठरतं आणि त्या पुलावर सकाळी लांब पल्ल्याच्या गाड्यांचे प्रवासी बॅगा ओढत, हमाल डोक्यावर सामान घेऊन, उलट्या दिशेनं येत असतात. जिना उतरताना कठडा धरून चालणाऱ्या बाईला कठड्याचीच बाजू सोडावी लागते. मावशी एका पायरीवर थांबली, मागच्याला जागा द्यायला वळली आणि पाय लचकता लचकता राहिला. तिनं तिथल्या तिथे निर्णय दिला, "सकाळच्या वेळी इथून नाही."

या जंक्शनला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. शंभर वर्षांच्या इमारतीत रोज एवढी माणसं ये-जा करतात, गाड्या सुटतात, लागतात, हे पाहून मला नेहमी आदरच वाटतो. पण एका गुडघेदुखीच्या बाईला सकाळी अकराला तिथे घालणं शहाणपणाचं नव्हतं.

शिवाजीनगर, जवळून

शिवाजीनगरला उतरताना तीन निरनिराळ्या जागा एकाच नावानं ओळखल्या जातात हे आधी डोक्यात पक्कं असावं लागतं. एक रेल्वे स्थानक. दुसरं मेट्रोचं भुयारी स्थानक, जे जुन्या एसटी स्टँडच्या जागेवर आलं. आणि तिसरा एसटी स्टँड, जो २०१९च्या अखेरीस याच मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवला गेला आणि तरीही लोकांच्या बोलण्यात "शिवाजीनगर स्टँड"च राहिला. नाशिकला जाणारा कोणी शिवाजीनगरला लोकलमधून उतरून समोर एसटी शोधू लागला तर त्याला वाकडेवाडीपर्यंत जावं लागतं. मावशीचा या तिसऱ्याशी संबंध नव्हता, पण तिच्या आठवणीत शिवाजीनगर म्हणजे समोर एसटी स्टँड, लाल गाड्या आणि कंडक्टरच्या हाका. ती बाहेर पडताना नकळत तेच शोधत होती. ओळखीची खूण नाहीशी झालेली असली की माणूस नव्या जागेपेक्षा जास्त गोंधळतो.

पहिल्या फेरीत ती बाहेर आली आणि रिक्षांच्या घोळक्यात थांबली. मी मुद्दाम चार पावलं मागे होते. तिनं एका रिक्षावाल्याला विचारलं, "मेट्रो कुठे हो?"

"मेट्रो? ही काय इथंच. पण जायचंय कुठं तुम्हाला?"

"नळ स्टॉप."

"मग मेट्रोला कशाला जाताय, मावशी? बसा, दहा मिनिटांत सोडतो."

मावशी बसायला निघालीच होती. त्या माणसाचं काही चुकलं नाही, तो त्याचा धंदा करत होता आणि बोलला गोड. पण यातून एक कामाची गोष्ट मिळाली. मेट्रो स्थानकाचा पत्ता विचारताना शेवटचं ठिकाण सांगू नये. "स्वारगेटकडे जाणारी मेट्रो" एवढंच विचारलं की लोक हात करून दार दाखवतात.

फलाटाचंही असंच. गाडी कोणत्या फलाटावर आली त्यावर पूल चढायचा की नाही हे अवलंबून, आणि ते आपल्या हातात नसतं. कुठल्या डब्यात बसायचं हे मात्र असतं. शिवाजीनगरला बाहेर पडायची वाट फलाटाच्या कोणत्या भागातून आहे ते मी नीट पाहून घेतलं आणि मग तिच्यासमोर येणारा डबा तळेगावच्या फलाटावर कुठे थांबतो ते शोधलं. आता मावशी तळेगावला चहाच्या स्टॉलच्या पुढच्या खांबापाशी उभी राहते. आधी ती फलाटावर शिरल्या शिरल्या जो पहिला महिला डबा दिसेल त्यात चढायची आणि शिवाजीनगरला उतरल्यावर अख्खा फलाट उलटा चालायची, तोही सगळी गर्दी अंगावर घेत. एवढ्या एका बदलानं तिचं चालणं जितकं कमी झालं तितकं दुसऱ्या कशानंच झालं नाही. रोजच्या पासधारकांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. नव्या माणसाला ती कोणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखी आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

रेल्वेच्या हद्दीत रेल्वेचे फलक, मेट्रोच्या हद्दीत मेट्रोचे. दोन्ही आपापल्या जागी नीट वाचता येतात. मधला तुकडा थोडाच आहे, पण तिथे माणसाला विचारतच जावं लागतं. मावशीसारखी शिकवण्यात आयुष्य गेलेली बाई विचारायला लाजत नाही. पण गावाकडून पहिल्यांदा आलेला, हातात दवाखान्याची फाइल असलेला माणूस तिथेच दहा मिनिटं घुटमळताना मी पाहिलाय. त्याच्यासाठी तिथे जमिनीवर काढलेली एक ठळक रेघसुद्धा पुरेल, असं मला मनापासून वाटतं.

तिकिटाची घडी

मेट्रोच्या खिडकीवर मिळणारं तिकीट म्हणजे क्यूआर छापलेला कागद. आत जाताना गेटवर दाखवायचा, बाहेर पडताना पुन्हा दाखवायचा. मावशीनं तो सवयीनं दुमडला आणि चष्म्याच्या घरात ठेवला, जशी ती आयुष्यभर एसटीची तिकिटं ठेवत आली. नळ स्टॉपला उतरल्यावर गेट उघडेना. घडीची रेघ बरोबर क्यूआरच्या मधून गेली होती आणि घामानं कागद मऊ पडला होता. तिनं तो पर्सवर ठेवून तळहातानं सपाट केला, पुन्हा धरला, तिसऱ्यांदा धरला. मागे रांग वाढली. शेवटी तिथल्या कर्मचारी मुलीनं येऊन गेट उघडून दिलं आणि हसून म्हणाली, "आजी, घडी घालू नका, बाकी काही नाही."

प्रसंग अगदी छोटा, पण मावशीला रांगेसमोर उभं राहणं फार लागलं. म्हणून कार्ड काढलं, जे नुसतं टेकवलं की गेट उघडतं. मोबाइलवर तिकीट निघतं हे खरं, तिला ते जमतंही. पण एका हातात कठडा, दुसऱ्यात पिशवी, मग फोन काढायचा कधी? कार्ड पदराच्या टोकाशी पिनेनं अडकवलेल्या छोट्या पाकिटात राहतं. काठी वापरणाऱ्या, कठडा धरणाऱ्या कोणालाही मी कार्डच सुचवेन.

लोकलसाठी मासिक पास. इथे ताईचं म्हणणं होतं की शिवाजीनगरला उतरायचं तर पासही शिवाजीनगरपर्यंतचाच काढावा. मी पुण्यापर्यंतचा काढायला लावला. मधल्या स्थानकावर उतरायला त्या पासाची आडकाठी नाही, आणि संध्याकाळी पुण्याहून बसायचं ठरलं तर वेगळं तिकीट काढायला रांगेत उभं राहावं लागत नाही. हा आग्रह पुढे फार उपयोगी पडला.

सिव्हिल कोर्टातली बदली

शिवाजीनगर ते सिव्हिल कोर्ट हे एकच स्थानक. बसेपर्यंत उतरायची वेळ. एका स्थानकासाठी जमिनीखाली जायचं आणि पुन्हा वर यायचं हे काकांना वेडेपणाचं वाटलं, आणि नुसत्या आकड्यांनी बघितलं तर त्यांचं खरंही आहे. सिव्हिल कोर्टाचा भुयारी फलाट जमिनीपासून सुमारे ३३ मीटर खोल, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. अक्वा लाइन त्याच ठिकाणी जमिनीच्या वर, खांबांवरून जाते. म्हणजे पर्पलमधून उतरलेल्या माणसाला पाताळातून निघून रस्त्याच्या पातळीवर यायचं आणि तिथून पुन्हा वर चढायचं.

पण चढायचं. मावशीच्या गुडघ्यांना नेमकं तेच चालतं. सकाळच्या प्रवासात सिव्हिल कोर्टातली सगळी हालचाल वरच्या दिशेची असते आणि तिच्यासाठी सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. लिफ्टला थोडं थांबावं लागलं तरी बसायला जागा सापडते. एकाच तिकिटावर दोन्ही मार्गिका, मध्ये नवीन तिकीट काढावं लागत नाही. फक्त बाहेर पडणाऱ्या गर्दीमागे न जाता अक्वाचे बाण धरायचे.

नावांचा घोळ मात्र इथे होतो. लोक सिव्हिल कोर्ट म्हणतात, मेट्रोच्या फलकावर आणि घोषणेत जिल्हा न्यायालय. मावशी पहिल्या खेपेला घोषणा ऐकूनही बसून राहिली होती, मी उठवलं. दुसरा घोळ मनपाचा. पर्पल लाइनच्या एका टोकाला पिंपरी-चिंचवड मनपा, आणि अक्वावर सिव्हिल कोर्टाच्या पुढचंच स्थानक पुणे मनपा. कोणी घाईत "मनपाची गाडी" म्हणालं तर ती कुठली, हे विचारून घ्यावं. आम्ही मावशीला स्थानकांची यादी पाठ करायला लावलीच नाही. फक्त दोन टोकं सांगितली: शिवाजीनगरला स्वारगेटची, सिव्हिल कोर्टात वनाजची. रामवाडी लिहिलेलं दिसलं तर त्या गाडीत चढायचं नाही.

वनाजच्या गाडीत बसल्यावर मात्र प्रवास देखणा आहे. पुणे मनपा सोडलं की गाडी मुठेच्या कडेनं जाते. संभाजी उद्यान आणि डेक्कनच्या स्थानकांची छतं पगडीच्या आकाराची. मावशी खिडकीशी उभी राहून झेड ब्रिजवरच्या गाड्या बघते, बसायला जागा असली तरी. गरवारे कॉलेज, मग नळ स्टॉप. इथे कर्वे रस्त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावरून मेट्रो, असा दुमजली प्रकार २०२२ पासून आहे. उतरताना रस्त्याची कोणती बाजू धरायची ते मात्र स्थानकातच ठरवून घ्यावं लागतं. खाली आल्यावर कर्वे रस्ता ओलांडायचा म्हणजे पुन्हा नव्यानं प्रवास सुरू.

परतीचा प्रवास म्हणजे उलटा प्रवास नव्हे

आम्ही सुरुवातीला धरून चाललो होतो की ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं येईल. संध्याकाळी ते गणित पार फिरलं. वरून खाली, पुन्हा खाली, तीन मजल्यांहून जास्त उतरण. लिफ्ट असली तरी संध्याकाळी त्यांच्यापुढे रांग. आणि एवढं करून शिवाजीनगरला पोचलं की पुण्याहून येणारी लोकल आधीच भरलेली. दिवसभर नातवामागे पळून थकलेली मावशी तळेगावपर्यंत दाराशी उभी. मधली स्थानकं नऊ: खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी. पिंपरी-चिंचवडला गर्दी थोडी उतरते, पण तोपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात.

मग नळ स्टॉपहून सरळ पुणे स्टेशनची मेट्रो. बदली नाही. काकांचा सल्ला इथे तंतोतंत लागू पडला. जी लोकल पुण्याहूनच सुटते ती सुटायच्या आधी फलाटावर लागते. थोडं लवकर पोचलं की खिडकीची जागा मिळते. पुलावर गर्दी असतेच, पण संध्याकाळी मावशीला कुठल्याही घंटेच्या आधी पोचायचं नसतं. ती कठड्याला धरून, मागच्यांना पुढे जाऊ देत, आपल्या गतीनं उतरते. सकाळी जी गोष्ट तिला तिथे परवडत नव्हती ती संध्याकाळी परवडते: वेळ. शिवाजीनगरहून सुटणाऱ्याही काही लोकल आहेत, त्यांतही जागा मिळते. पण त्यांच्या वेळा ताईच्या घरी येण्याशी जुळेनात.

अशी ही व्यवस्था ठरली. जाताना शिवाजीनगर, येताना पुणे स्टेशन. नकाशा पाहून कोणी हे सुचवलं असतं असं मला वाटत नाही, आणि मेट्रोच्या अ‍ॅपनं तर नाहीच. त्याला गुडघे माहीत नसतात आणि कुठली गाडी कुठून सुटते तेही. दुपारी घरी परतायची वेळ आली तर हीच व्यवस्था पुन्हा तपासावी लागते, कारण दुपारच्या वेळी लोणावळा मार्गावर लोकल विरळ असतात. तेव्हा कुठून बसायचं याच्या आधी गाडी कितीला आहे ते बघावं लागतं.

मावशीचा कागद

हे सगळं मी तिला मोठ्या अक्षरांत एका जाड कागदावर लिहून दिलं. "पूल उतरल्यावर डावीकडे", "लिफ्टमधून बाहेर आल्यावर उजवीकडे", अशा सूचना. मावशीनं लाल पेन घेऊन, जुन्या सवयीनं, तो तपासला.

"डावं-उजवं लिहू नकोस गं. मी दुसऱ्या जिन्यानं उतरले तर सगळंच उलटं होईल. समोर काय दिसलं पाहिजे ते लिही."

किती अचूक! सूचना देणारा नेहमी आपण ज्या दारातून आलो तेच दार धरून चालतो. मग तिनं स्वतःच नवा कागद लिहिला. त्यात शब्द थोडे आणि खुणा जास्त. शिवाजीनगरपुढे तिनं लिहिलंय: "रिक्षा दिसल्या की थांबायचं. मेट्रोचं दार दिसेपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही. विचारायचं: स्वारगेटची मेट्रो." सिव्हिल कोर्टापुढे: "बाहेर जाणाऱ्यांच्या मागे जायचं नाही. वर, वर, वर. पाटी वनाज." पुणे स्टेशनपुढे फक्त एक ओळ: "घाई करायची नाही."

आडदिवसाची सोयही त्यातच आहे. रविवारी किंवा मध्येच ब्लॉक असला, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवल्या, तर आदल्या रात्री मावसोबा बातमी बघून ठेवतात. सकाळची लोकल चिंचवडला येईपर्यंत फार उशीर झालेला दिसला तर मावशी तिथूनच ताईला फोन करते, आणि ताईच्या सोसायटीतली एक आई, जिचा मुलगा त्याच वर्गात आहे, दोघांनाही शाळेतून घेऊन येते. मग मावशी शिवाजीनगरला उतरून रिक्षा करते. त्या दिवशी तो खर्च करायचाच, असं आधी ठरवलेलं असल्यामुळे ती भर गर्दीत हिशोब करत बसत नाही.

तळेगावात तिच्या भजनी मंडळातल्या बायकांनी तो कागद मागून घेतला, तेव्हा लक्षात आलं की तो जसाच्या तसा दुसऱ्याला चालत नाही. ज्यांना मंडई किंवा स्वारगेटला जायचं त्यांना बदलीच नाही. त्यांनी शिवाजीनगरला उतरून त्याच पर्पलमध्ये बसून राहावं, आणि येतानाही तिथूनच लोकल धरावी, हवं तर शिवाजीनगरहून सुटणारी. कल्याणीनगर, रामवाडीकडे जाणाऱ्यांनी दोन्ही वेळा पुणे स्टेशन, कारण त्यांना सिव्हिल कोर्टापर्यंत मागे येऊन पुन्हा पुढे जाण्यात काहीच अर्थ नाही. डेक्कन, गरवारे, कोथरूडच्या बाजूला जाणाऱ्यांनाच मावशीची दुहेरी वाट लागू पडते, आणि त्यांतही ज्यांना उतरायचा त्रास आहे आणि सकाळी वेळ गाठायची आहे त्यांनाच. हिंजवडीहून येणारी तिसरी मार्गिका, २३ स्थानकांची, याच शिवाजीनगरवरून सिव्हिल कोर्टापर्यंत आखलेली आहे. मंडळातल्या एकीचा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. त्याची वाट कशी बसते ते त्या मार्गिकेचे जिने स्वतः चढून-उतरून पाहिल्याशिवाय कागदावर लिहायचं नाही, असं मावशीनं तिला सांगून ठेवलंय.